शेंगा चटणी, कडक भाकरी, शिकेकाई आणि लेप : घरी करताना नेमकं कुठे चुकतं

चटणीचा मिक्सरमध्ये गोळा झाला. कडक भाकरी तिसऱ्या दिवशी वातड झाली आणि आठवड्यात तिच्यावर बुरशी आली. शिकेकाईचं पाणी बाटलीत भरून ठेवलं, त्याला आंबूस वास सुटला. डाळीच्या पिठाचा लेप लावला तर तोंड ताणून लाल झालं. सोलापुरातल्या ओळखीच्या घरांमधून ही चार गाऱ्हाणी माझ्याकडे सतत येतात. विचारपूस केली की कळतं, साहित्य बरोबर होतं आणि प्रमाणही जवळपास बरोबर होतं. चुकला होता तो ओलावा, नाहीतर झाली होती घाई.

म्हणून खाली प्रमाणापेक्षा क्रमावर जास्त लिहिलं आहे. जे टिकवायचं ते पूर्ण कोरडं आणि पूर्ण गार करूनच डब्यात भरायचं. जे ओलं राहणार ते त्याच दिवशी संपवायचं. चारही कामांना हेच लागू आहे.

१. आदल्या दिवशीची तयारी

सगळं एकाच सकाळी उरकायला जाऊ नका. आदल्या संध्याकाळी एवढं करून ठेवा:

- पाव किलो शेंगदाणे परातीत पसरून निवडा.
- लसणाची एक मोठी गड्डी सोलून पाकळ्या सुती फडक्यावर पंख्याखाली पसरून ठेवा.
- चटणीचा डबा, झाकण आणि चमचा धुऊन, पुसून उन्हात वाळवा. पुसलेला डबा कोरडा दिसतो, पण झाकणाच्या खाचेत पाणी राहतंच.
- शिकेकाई भिजत घाला (प्रमाण टप्पा ५ मध्ये आहे).
- लेप पहिल्यांदाच लावणार असाल तर चाचणी आजच सुरू करा (टप्पा ६).

शेंगदाणे निवडताना हात आखडता घेऊ नका. सुरकुतलेला, काळपट डाग पडलेला, हिरवट बुरशी धरलेला किंवा कुबट वासाचा दाणा सरळ फेकून द्या. बुरशी लागलेल्या दाण्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, ते यकृताला घातक आहे आणि भाजल्यानं पूर्ण जात नाही. 'भाजून घेतले की चालतात' हे मी चांगल्या जाणत्या बायकांच्या तोंडून ऐकलं आहे. चालत नाहीत. दाणा चावल्यावर कडू लागला तर थुंकून टाका आणि ती पिशवी पुन्हा एकदा नीट बघा.

२. शेंगा चटणी

साहित्य : पाव किलो शेंगदाणे, १५ ते २० लसूण पाकळ्या, २ मोठे चमचे लाल तिखट, १ छोटा चमचा जिरे, दीड छोटा चमचा मीठ. तेल नाही, पाणी तर नाहीच.

*२.१ भाजणे*

जाड बुडाची कढई घ्या, लोखंडी असेल तर उत्तम. आच मंद ठेवा आणि हात थांबवू नका. पाव किलोला १२ ते १५ मिनिटं लागतात. मोठ्या आचेवर सहा मिनिटांत साल काळी होते आणि आतला दाणा कच्चा राहतो. त्या कच्च्या दाण्यातच पाणी असतं, आणि चटणी पुढे मऊ पडते ती त्यामुळे.

दाणा भाजला की नाही, हे गरम असताना चावून कळत नाही. गरम दाणा भाजलेला असला तरी मऊच लागतो. चार दाणे बाहेर काढा, दोन मिनिटं थांबा, मग चावा. कुरकुरीत लागला, बोटांनी चोळल्यावर साल सुटली आणि आतून फिकट बदामी दिसला, तर झालं.

गॅस बंद करून दाणे कढईतच सोडू नका. कढई तापलेली असते, तळाचे दाणे करपत राहतात. लगेच परातीत पसरा.

*२.२ गार करणे*

पूर्ण एक तास. हा टप्पा सगळ्यात जास्त वेळा गाळला जातो. कोमट दाणा मिक्सरमध्ये गेला की तेल लगेच सुटतं आणि गोळा होतो. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा दाणे गार व्हायला तासाहून जास्त वेळ लागतो. एप्रिल-मे महिन्यात मी दाणे रात्री भाजते आणि चटणी सकाळी लवकर करते.

तपासणी : परातीच्या मधल्या ढिगात बोटं खुपसा. वरचे दाणे गार लागतात, मधले नाही.

गार झाले की चोळून सालं काढा आणि सुपात पाखडून घ्या. थोडी सालं राहिली तरी हरकत नाही. सगळीच ठेवली तर चटणीला तुरट चव येते.

*२.३ मीठ, जिरे आणि लसूण*

मीठ कोरड्या तव्यावर दोन मिनिटं गरम करून घ्या. पावसाळ्यात हे टाळूच नका, कारण मीठ हवेतलं पाणी ओढून बसलेलं असतं. त्याच तव्यावर जिरे वास सुटेपर्यंत भाजा.

लसणाचं काय करायचं हे चटणी किती दिवस पुरवायची त्यावर ठरवा. कच्च्या लसणाची चव झणझणीत, पण लसणात पाणी असतं. ती चटणी फ्रिजमध्ये ठेवा आणि आठ दिवसांत संपवा. प्रवासाला न्यायची असेल तर पाकळ्या चिरून कोरड्या तव्यावर मंद आचेवर कडा बदामी होऊन चुरचुरीत होईपर्यंत परता. अशी चटणी कोरड्या हवेत पंधरवडाभर चांगली राहते.

सावधान : चटणीवर तेल ओतून बरणी बाहेर ठेवायची सवय असेल तर सोडा. कच्चा लसूण तेलाखाली बुडून बाहेरच्या उष्णतेत राहिला की त्यात बोट्युलिझमचे (जिवावर बेतणाऱ्या विषबाधेचे) जंतू वाढू शकतात आणि वासावरून ते कळत नाही. तेल घालायचंच तर ताटात, वाढून घेतल्यावर.

*२.४ कुटणे*

उखळ किंवा मोठा खलबत्ता असेल तर तोच वापरा. मुसळाच्या घावानं दाणा चेपला जातो, तेल त्याच्या अंगावर येतं आणि तिखट त्याला धरतं. कुटलेल्या सोलापुरी चटणीला जो तांबूस, तेलकट ओलसरपणा दिसतो तो असा येतो. मिक्सरचं पातं दाणा कापतं आणि तापवतं. तरीही मिक्सरवर चांगली चटणी होते, क्रम पाळला तर.

क्रम असा : आधी लसूण, मीठ, जिरे आणि तिखट एकत्र भरड वाटा. मग दाणे घाला. उलटं केलं तर लसूण मिसळेपर्यंत दाण्याचं लोणी झालेलं असतं.

दाणे घातल्यावर मिक्सर दोन-तीन सेकंद फिरवून थांबवा, चमच्यानं तळाचं वर आणा, पुन्हा फिरवा. पाच-सहा वेळा पुरे. भांडं अर्ध्याच्या वर भरू नका. मध्येच भांड्याच्या बुडाला हात लावून बघा, कोमट लागलं तर दहा मिनिटं थांबा.

तपासणी : चिमूटभर चटणी मुठीत दाबा. गोळा धरला पाहिजे आणि बोटानं टोकरला की सुटला पाहिजे. चिकटून राहिला तर जास्त वाटली गेली. ती फेकू नका, वांग्याच्या किंवा शेवग्याच्या रश्श्याला लावा, सुंदर दाटपणा येतो.

*२.५ भरणे*

पसरून अर्धा तास ठेवा, मग डब्यात दाबून भरा. काढताना चमचा कोरडा हवा. जेवताना दह्यातला चमचा डब्यात गेला की त्या डब्याचे दिवस भरले. आठवड्यानं वास घेऊन बघा. खवट वास आला तर चटणी टाकून द्या.

दोन गोष्टी तब्येतीच्या. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे २५ ग्रॅम प्रथिनं असतात, पण ऊर्जाही साडेपाचशे कॅलरीच्या वर असते, तेव्हा जेवणात एक-दोन चमचे ठीक. आणि घरात कुणाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर ही चटणी त्या घरात कुटायचीच नाही.

३. कडक भाकरी

भाकरी थापता येणाऱ्या बायकाही इथे चुकतात, कारण त्या नेहमीच्या भाकरीसारखी भाजून नुसती वाळायला ठेवतात. कडक भाकरीला दोन भाजण्या लागतात, पहिली शिजवायची आणि दुसरी वाळवायची.

साहित्य : २ वाट्या ज्वारीचं पीठ, १ ते सव्वा वाटी उकळतं पाणी, अर्धा छोटा चमचा मीठ, हवे तर १ चमचा तीळ.

*३.१ पीठ*

ताजं दळलेलं घ्या, फार तर आठ दिवसांचं. जुन्या पिठाची विरी, म्हणजे धरून राहायचा चिकटपणा, जाते आणि भाकरी थापताना कडेला चिरते. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी मिळाली तर काम सोपं होतं. विरी आहे का हे बघायला चमचाभर पीठ गरम पाण्यानं मळून सुपारीएवढी गोळी करा आणि चपटी दाबा. कडा फुटल्या नाहीत तर पीठ चांगलं.

गहू ज्यांना डॉक्टरांनी बंद केला आहे त्यांनी चक्कीवाल्याला आधी विचारा, नुकतं काय दळलं? गव्हावर दळलेल्या ज्वारीत गहू येतोच. घरी जात्यावर किंवा स्वतःच्या घरघंटीवर दळणं सगळ्यात बरं.

*३.२ उकड*

गव्हात जे ग्लुटेन पिठाला धरून ठेवतं ते ज्वारीत नाही. इथे धरतो तो शिजून फुगलेला स्टार्च. म्हणून पाणी नुसतं गरम चालत नाही, खळखळ उकळतं लागतं. पिठात मीठ, तीळ मिसळा, पाणी ओता, उलथन्याच्या दांड्यानं हलवा आणि झाकून दहा मिनिटं ठेवा. हात लगेच घालू नका, वाफ भाजते.

*३.३ मळणे आणि थापणे*

एका भाकरीपुरतंच पीठ पुढे घ्या आणि तळहाताच्या टाचेनं रगडून मळा. बाकीचं झाकलेलं राहू द्या. तीन-चार मिनिटं रगडल्यावर गोळा गुळगुळीत होतो. परातीत कोरडं पीठ भुरभुरून नेहमीच्या भाकरीपेक्षा पातळ थापा, साधारण दोन मिलिमीटर. मधला भाग जाड राहिला तर तिथेच ओलावा अडकतो आणि बुरशीची सुरुवात तिथूनच होते. थापून झालं की बोटं मध्यापासून कडेकडे फिरवून जाडी चाचपून घ्या.

*३.४ पहिली भाजणी*

तवा चांगला तापू द्या. भाकरी पिठाची बाजू वर येईल अशी टाका आणि वरून ओल्या हातानं पाणी फिरवा. पाणी पूर्ण सुकायच्या आत उलटा, नाहीतर तडे जातात. दुसरी बाजू नीट भाजा, मग पहिली बाजू विस्तवावर धरा. फुगली पाहिजे. न फुगलेली भाकरी कडक करायला घेऊ नका, ती त्याच दिवशी कालवणासोबत खा.

*३.५ दुसरी भाजणी*

आता आच अगदी मंद. भाकरी पुन्हा तव्यावर टाका, सुती फडक्याची घडी करून सगळीकडून दाबा, मिनिटा-मिनिटानं उलटा. आठ ते दहा मिनिटं लागतात. सुरुवातीला फडक्याला दमटपणा लागतो. तो लागायचा थांबला की भाकरी वाळली. चूल असेल तर आराच्या कडेला उभी टेकवून ठेवा, त्यासारखं दुसरं काही नाही.

उन्हात वाळवायची असेल तर दुसरी भाजणी निम्मी करून पातळ फडक्याखाली तीन-चार तास कडक ऊन द्या. जून ते सप्टेंबर ही पद्धत वापरू नका.

तपासणी : गार झालेली भाकरी बरोबर मधोमध मोडा. कट् असा आवाज येऊन तुटली तर डब्यात. वाकली तर पुन्हा तव्यावर.

*३.६ ठेवणे*

टोपलीत उभ्या करून दोन तास गार करा. एकावर एक रचल्या तर वाफ मधे कोंडते. मग कागद घातलेल्या कोरड्या डब्यात भरा. मी थंडीत पंधरा दिवसांचं करते, पावसाळ्यात चार दिवसांपेक्षा जास्त नाही.

४. विरी गेलेल्या पिठाची अंबील

जुनं झालेलं पीठ टाकायचं नाही. २ मोठे चमचे पीठ एक वाटी *गार* पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, ते २ वाट्या उकळत्या पाण्यात ओता आणि ढवळत सहा-सात मिनिटं शिजवा. पूर्ण गार झाल्यावर दीड वाटी ताक, मीठ, जिरेपूड, ठेचलेला लसूण घाला.

चुका दोनच होतात. पीठ थेट उकळत्या पाण्यात टाकलं की गुठळ्या होतात, आणि ताक गरम अंबिलीत घातलं की फाटतं. ही ओली वस्तू आहे, उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत संपवा.

५. शिकेकाईचं पाणी

बोअरच्या पाण्यानं बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो ना, त्याच क्षारांशी साबणाची गाठ पडली की चिकट साका तयार होतो आणि तो केसांवर बसतो. शिकेकाई आणि रिठ्यातला फेस वेगळ्या द्रव्याचा, त्याचा असा साका होत नाही. त्यामुळे जड पाण्याच्या घरात ही मेहनत खरंच उपयोगाची आहे. केस गळायचे थांबतील, पांढरे काळे होतील, असलं काही मी सांगणार नाही. केस स्वच्छ होतात आणि राठ होत नाहीत, एवढं नक्की.

*५.१ भिजवणे.* काष्ठौषधीच्या दुकानातून सबंध शेंगा आणा, तयार पूड नको. पुडीत काय मिसळलं आहे ते कळत नाही. ५० ग्रॅम शिकेकाई, बिया काढलेले ५-६ रिठे, वाळलेल्या आवळ्याचे १०-१२ तुकडे एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. भांडं स्टीलचं घ्या. लोखंडात आवळा काळा पडतो आणि तो काळेपणा टॉवेलला, नखांना लागतो.

*५.२ उकळणे.* सकाळी त्याच पाण्यात मंद आचेवर १५ ते २० मिनिटं. भांडं मोठं घ्या, फेस वर येऊन ऊतू जातो.

*५.३ गाळणे.* गार झाल्यावर हातानं कुस्करा आणि मलमलच्या फडक्यातून *दोनदा* गाळा. केसांत बारीक कचरा राहतो अशी तक्रार करणाऱ्या सगळ्यांनी एकदाच आणि चहाच्या गाळणीनं गाळलेलं असतं.

*५.४ धुणे.* तेल लावत असाल तर आदल्या रात्री, तेही थोडं. थबथबलेलं तेल शिकेकाईनं एका वेळेत निघत नाही, आणि मग दोष शिकेकाईला जातो. केस आधी कोमट पाण्यानं पूर्ण ओले करा. डोकं मागे झुकवून शिकेकाईचं पाणी मुळांशी ओता, बोटांच्या पेरांनी तीन-चार मिनिटं चोळा, मग भरपूर पाण्यानं धुवा. नळाला पाणी यायचा दिवस बघूनच हे काम काढा. अर्धवट धुतलेली शिकेकाई टाळूला खाज आणते.

सावधान : हे पाणी डोळ्यांत गेलं तर फार झोंबतं. लहान मुलांना स्वतःहून ओतू देऊ नका. गेलंच तर लगेच स्वच्छ पाण्यानं डोळे धुवत राहा, लाली उतरली नाही तर डॉक्टरांकडे जा.

उरलेलं पाणी फ्रिजमध्ये फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत. आठवड्याची सोय हवी असेल तर सुक्या शेंगा जास्त आणून ठेवा, पाणी जास्त करून ठेवू नका.

६. डाळीच्या पिठाचा लेप

*६.१ चाचणी.* कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा लेप लावा, दहा मिनिटांनी धुवा आणि पूर्ण एक दिवस वाट बघा. लाली, खाज, पुरळ यांपैकी काहीही आलं तर चेहऱ्याला लावायचा नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी पहिल्यांदा लेप लावणाऱ्या मुलींना हे मी हात जोडून सांगते.

*६.२ हळद तपासणे.* पेलाभर पाण्यात चमचाभर हळद टाका, ढवळू नका. चांगली हळद तळाला बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं. पाणी एकदम गडद पिवळं झालं तर रंग मिसळलेला असण्याची शक्यता आहे. शक्य असेल तर हळकुंड आणून घरीच कुटा.

*६.३ कालवणे.* २ चमचे चण्याच्या डाळीचं बारीक चाळलेलं पीठ, चिमूटभर हळद, आणि पातळसर होईल इतकं साय नसलेलं दूध किंवा ताजं दही. चेहरा कोरडा असेल तर साय चालेल.

लिंबू पिळू नका. लिंबाचा रस अंगावर राहून ऊन लागलं की त्वचा भाजल्यासारखी होते आणि काळे डाग महिनोन् महिने राहतात. सोलापूरच्या उन्हात तर त्याच्या वाट्यालाच जायचं नाही. खाण्याचा सोडाही नको.

*६.४ लावणे आणि काढणे.* लेप वाळून तडकेपर्यंत ठेवायचा, ही सगळ्यात रुळलेली चूक. आपल्या कोरड्या हवेत लेप पाच-सात मिनिटांतच सुकायला लागतो आणि सुकताना त्वचेतलं पाणी ओढतो. तोंड ताणतं ते त्यामुळेच. कडा सुकायला लागल्या, मध्य अजून ओला आहे, तेव्हाच भरपूर पाण्यानं सैल करून धुवा. कोरडा लेप खरवडून काढू नका. टॉवेलनं टिपा आणि चेहरा दमट असतानाच खोबरेल तेलाचे दोन थेंब किंवा नेहमीचं क्रीम लावा. मुरुमांची त्वचा असेल तर खोबरेल नको.

आठवड्यातून एकदा पुरे. पीठ आणि हळद कोरडी मिसळून बरणीत महिनाभर ठेवता येते. वाटीत कालवलेला लेप उरला तर तो हात-पायांना लावा आणि वाटी लगेच धुऊन टाका.